एनएफएचएस-५चं ठाणे जिल्हा पत्रक: कामाचं, पण दवाखाना मागायला अपुरं

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायट्यांना नागरी आरोग्य केंद्र हवंय. त्याचं निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं (एनएफएचएस-५, २०१९-२१) ठाणे जिल्ह्याचं पत्रक उतरवून घेतलं. फुकट मिळतं, मोजक्या पानांचं आहे. देवनारची आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था) ते काढते.

पत्रक झकास आहे, आधी तेच सांगते. सिझेरियनचं प्रमाण सरकारी आणि खासगी रुग्णालयांचं वेगवेगळं दिलंय. लसीकरण, मुलांची खुंटलेली वाढ, रक्तक्षय, रक्तदाब, साखर, सगळं पटकन सापडतं. नमुना लहान असेल तिथे आकडा कंसात, फारच लहान असला तर आकड्याच्या जागी नुसती चांदणी. आमच्या वार्षिक सभेच्या हिशोबात अशी चांदणी मी कधी पाहिली नाही!

पण आपल्या वॉर्डाचं काही कळेल ही आशा सोडा. अख्ख्या महाराष्ट्रात ३१,६४३ घरांची पाहणी झाली, म्हणजे ३६ जिल्ह्यांत सरासरी पावणेनऊशे घरं. मुरबाडचा पाडा आणि आमचा तिसावा मजला एकाच टक्केवारीत. बालमृत्यूदर जिल्ह्याच्या पत्रकात नाही. एवढ्याशा नमुन्यावर तो काढणं धाडसाचंच झालं असतं.

आणि माणसं किती? पत्रकात बहुतेक टक्केच. आरोग्य केंद्राचा निकष मात्र साधारण ५०,००० लोकवस्तीमागे एक असा. मग जनगणना उघडायची. २०११ साली जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८, देशात सर्वांत जास्त. त्यातले जवळपास ३० लाख २०१४ मध्ये पालघरबरोबर वेगळे झाले. त्यानंतर आमच्याकडे उभ्या राहिलेल्या टॉवरांतली माणसं या आकड्यात कुठून असणार? २०२१ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ची वाट बघा. जन्मनोंदणीवरून अंदाज बांधावा, तर नोंद जन्माच्या ठिकाणी होते. सून बाळंतपणाला माहेरी गेली की बाळ सांगलीच्या खात्यात.

शेवटी आम्ही ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेल्या इमारतींतले फ्लॅट मोजले, कुलूपबंद वजा केले, सेक्रेटऱ्यांकडून घरटी माणसं विचारून घेतली. लोकसंख्या म्हणून तोच आकडा निवेदनात गेला. पत्रकातून घेतले ते रक्तदाबाचे आणि साखरेचे टक्के, तेही ‘जिल्ह्याची सरासरी’ असं स्पष्ट लिहून.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण इंग्रजीपायी कापला. आमच्या आशाताईंना (आशा सेविकेला) ते वाचून दाखवावं लागलं.