सेव्ह न होणारी गेमबॉय कार्ट्रिजं: सेल बदलून काही महिने वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्याआधी सेल बदललेली गेमबॉयची (निन्टेंडोच्या जुन्या हातातल्या गेम कन्सोलची) कार्ट्रिजं हिवाळा उलटला तरी सेव्ह धरून आहेत, म्हणून आता लिहायला हरकत नाही. सेल बदलला त्या दिवशी सगळ्यांचंच चालतं. खरं काय ते कार्ट्रिज ड्रॉवरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिल्यावर कळतं.

मी टोकियोत, निशी-कासाईला राहतो. इथे हार्ड ऑफ या जुन्या वस्तूंच्या दुकानांत 'जंक' मालाचे खोके असतात. त्यात गेमबॉयची कार्ट्रिजं नाश्त्याच्या भावात मिळतात, फक्त चालतील याची हमी नाही आणि परत घेणं नाही. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला लावायचा जो गेम होता त्यात सेव्ह हा प्रकारच नव्हता, रोज पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे बहुतेक 'सेव्ह होत नाही' हे ऐकून मला कार्ट्रिज टाकून द्यावंसं वाटलं नाही.

आत काय असतं ते आधी. गेम स्वतः रॉममध्ये असतो, तो कुठेही जात नाही. तुमची प्रगती मात्र एसरॅम नावाच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असते. माझ्याकडच्या पोकेमॉनच्या जुन्या गेममध्ये ती ३२ किलोबाइटची. वीज गेली की एसरॅम सगळं विसरते, म्हणून शेजारी ३ व्होल्टचा बटणसेल डागलेला (सोल्डर केलेला) असतो. गेमबॉय चालू असताना वीज कन्सोलमधून येते आणि बंद केला की सेलवर भिस्त. त्यामुळेच सेल मेलेला असला तरी गेम 'सेव्ह झालं' असं बेधडक सांगतो. तपासायचं तर सेव्ह करून ए, बी, स्टार्ट, सिलेक्ट चारही बटणं एकदम दाबा. गेम नव्याने सुरू होतो आणि 'पुढे चालू' दिसतं. मग स्विचने बंद करून पुन्हा लावा. आता ते नाहीसं झालं तर दोष सेलचा. दोन्ही वेळा नाही दिसलं, तर सेलच्या मागे लागू नका. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्कपट्ट्या पुसा. आणि फुंकर मारू नका, तोंडातला ओलावा त्या पट्ट्यांनाच खातो.

उघडायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट, म्हणजे या कार्ट्रिजच्या खास स्क्रूंचा पाना, लागतो. साधा स्क्रूड्रायव्हर वितळलेल्या पेनच्या टोपणात दाबून चालवणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार.

नाशिकचा एक मित्र फोनवर म्हणाला, "अरे, डागतोस कशाला, चिकटपट्टीने दाबून टाक ना सेल!" जंकमध्ये मिळालेल्या एका पोकेमॉन 'गोल्ड'मध्ये आधीच्या मालकाने हेच केलं होतं. पट्टीचा डिंक पाझरून बोर्डवर चिकट तपकिरी थर बसलेला, सेल एका बाजूला सरकलेला. टेबलावर चाललं असेल, खिशात घालून दोन जिने उतरलात की सेव्ह गेलं. सुट्या सेलवर थेट डाग देणं तर त्याहून वाईट. लिथियमचा सेल तापला की फुगतो, फुटूही शकतो. कारखान्यातच धातूच्या पट्ट्या स्पॉट-वेल्ड केलेला सेल घ्यायचा आणि डाग फक्त पट्टीला द्यायचा. हाक्कोचं एफएक्स-६०० सोल्डरिंग आयर्न साडेतीनशे अंशांवर ठेवून, थोडा फ्लक्स (डाग नीट बसवणारं रसायन) आणि दोन-तीन सेकंद, बस्स. या कामासाठी एवढी हत्यारं भरपूर झाली.

तक्रार आहे ती पट्ट्यांबद्दल. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या सेलांच्या पट्ट्या बोर्डवरच्या खुणांशी जुळेनात, प्रत्येकीचा कोन वेगळा. वाकवाव्या लागल्या, आणि पट्टी वाकवताना वेल्ड सुटायची भीती. शिवाय व्होल्टमीटर लावला तर एक सेल २.९ दाखवत होता. नव्या सेलने ३.२ च्या आसपास असायला हवं. तेव्हापासून बोर्डवर चढवण्याआधी प्रत्येक सेल मोजतो. बोर्डवर अधिक-उणे छापलेलं असतं, तेच पाहा. जुन्या सेलची दिशा लक्षात ठेवून काम करू नका.

सेल काढण्याआधी सेव्हची प्रत घ्या, हे सर्वात महत्त्वाचं. मी जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू हे कार्ट्रिज वाचणारं उपकरण आणि फ्लॅशजीबीएक्स हे सॉफ्टवेअर वापरतो. कार्ट्रिज खोचायचं, यूएसबी लावायचं, काही क्षणांत ३२ केबीची फाइल हातात. जंकमधली सगळीच कार्ट्रिजं रिकामी नसतात. एका 'रेड'मध्ये सेल अजून धुगधुगत होता आणि आत कुणा मुलाचा पूर्ण खेळ. नाव 'काना' या सोप्या जपानी लिपीतल्या दोन अक्षरांचं, आवडत्या पोकेमॉनला त्याने बहुतेक आपल्या कुत्र्याचं नाव दिलेलं, आणि पिशवीत निम्म्याहून अधिक औषधं न वापरता साठवलेली. नवा सेल बसवला आणि ती फाइल परत भरली. स्वतःचा खेळ सुरू करायला दुसरं 'रेड' घेतलं. ('रेड' आणि 'ग्रीन'मध्ये कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अवघड अक्षरं, नाहीत, सगळं काना लिपीत. जपानी शिकणाऱ्याला याहून स्वस्त पुस्तक मिळायचं नाही.)

'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'ची गोष्ट वेगळी. 'रेड-ग्रीन' २७ फेब्रुवारी १९९६चे आणि 'गोल्ड-सिल्व्हर' २१ नोव्हेंबर १९९९चे, तरी माझ्याकडच्या ढिगात धाकट्यांचे सेल आधी मेले. कारण गेममधला दिवस-रात्र. त्यासाठी बोर्डवर ३२,७६८ हर्ट्‌झचं स्फटिक आणि घड्याळ आहे, आणि ते गेमबॉय बंद असतानाही सेव्हच्याच सीआर२०२५ बटणसेलवर चालतं. मी दोन 'गोल्ड'मध्ये सीआर२०३२ बसवला. व्यास तोच २० मिलिमीटर, जाडी अडीचऐवजी ३.२, क्षमता जास्त. कवच बंद होतं, पण स्क्रू शेवटच्या आट्यात कुरकुरतो. सीआर२०२५च बरा, असं माझं मत झालंय. फ्लॅशजीबीएक्स घड्याळाची वेळही सेव्हबरोबर वाचून परत लिहितं, ही मोठी सोय.

सेल बदलायचा होल्डरही लावून पाहिला. पुढच्या वेळी डाग नको, ही कल्पना चांगली. प्रत्यक्षात कवचाच्या आतल्या कडा कापाव्या लागल्या आणि कार्ट्रिज आपटलं की संपर्क क्षणभर सुटतो. एसरॅमला तेवढा क्षण पुरतो. काढून टाकला.

एफरॅमचा पर्याय मात्र आवडला. एसरॅमच्या जागी एफएम१८डब्ल्यू०८ ही चिप, जी विजेशिवाय लक्षात ठेवते. मग सेलच नको. एका 'रेड'मध्ये बसवून घेतली. काम माझ्या हाताबाहेरचं होतं, चिपचे २८ पाय उपसायचे म्हणजे हॉट एअरचं (गरम हवेचं) यंत्र आणि जाणता माणूस हवा. सेव्ह आजवर एकदाही गेलं नाही. पण 'गोल्ड'साठी निरुपयोगी, कारण घड्याळाला सेल लागतोच.

गेमबॉय ॲडव्हान्सचं पोकेमॉन 'सॅफायर' कुणी सेव्हच्या तक्रारीसाठी उघडणार असेल तर थांबा. तिथे सेव्ह विजेशिवाय टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत असतं. आतला सीआर१६१६ फक्त घड्याळापुरता. सेल संपला की गेम सुरुवातीलाच तसं सांगतो आणि खेळू देतो, गेममधल्या बेरी (फळं) तेवढ्या वाढत नाहीत. सेल बदलला तरी त्या लगेच वाढतील असं नाही. घड्याळ पुन्हा सुरुवातीपासून चालू होतं आणि गेमच्या नोंदीतली वेळ बरीच पुढची असते. माझ्या 'सॅफायर'मध्ये जुना सेल तसाच आहे.