कॉपियरचा टोनर: ओरिजिनल की कंपॅटिबल?

टोनर म्हणजे नुसती काळी पूड नव्हे. त्यात प्लास्टिक, रंगद्रव्य आणि बहुधा मेण असतं. फ्यूझरच्या, म्हणजे मशीनमधल्या तापणाऱ्या भागाच्या, उष्णतेनं ते वितळून कागदावर बसतं. ओरिजिनल, म्हणजे मशीनच्याच कंपनीचा टोनर त्याच मशीनच्या फ्यूझरसाठी बनवलेला असतो. कंपॅटिबलमधली, म्हणजे दुसऱ्या कंपनीनं त्या मशीनसाठी बनवलेल्या टोनरमधली, पूड जरा वेगळ्या तापमानाला वितळणारी असेल, तर अक्षरं बोटाला लागतात, ड्रमवर (पानाची प्रतिमा उमटवणाऱ्या नळकांड्यावर) थर चढतो, वेस्ट टोनरचा डबा लवकर भरतो. मग वाचलेले पैसे मेकॅनिक घेऊन जातो.

तरीही कंपॅटिबलला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. वॉरंटी संपलेलं, फक्त काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सचं मशीन असेल, तर चांगल्या विक्रेत्याचा कंपॅटिबल खुशाल घ्या. रंगीत मशीनला मात्र ओरिजिनलच. सर्व्हिस करार असेल तर आधी तो वाचा. अनेक करारांत टोनर धरलेलाच असतो.

किंमत प्रति पानच काढा. खोक्यावरचा पानांचा आकडा पानाचा साधारण ५ टक्के भागच छापला जाईल असं धरून मोजलेला असतो. तक्ते, शिक्के, फोटो असले की पानं कमी निघतात. आणि 'ओरिजिनल'च्या नावानं रिफिल केलेली कार्ट्रिज गळ्यात पडू नये म्हणून बिल आणि सील तपासाच.