मित्रदेशांना लष्करी मदत : श्रीमंत देशाला काय परवडतं, काय नाही

जळगाव जिल्ह्यातल्या यावल, रावेर, भुसावळ या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं-मुली अमेरिकेत स्थायिक झाली. त्यातली काही तिथली नागरिक झाली, मतदान करू लागली. त्यामुळे अमेरिकेनं युक्रेनला, इस्रायलला शस्त्रं द्यावीत का, हा आपल्याकडे नुसता पेपरातला प्रश्न राहिलेला नाही. माझा भाचा तिकडून फोनवर विचारतो, “मामा, टॅक्स आम्ही भरी राह्यलो अन् पैसा चालला तिकडे. परवडतं का हे?” इकडे अभ्यासिकेत बसणारी पोरंही हाच विषय निबंधासाठी घेऊन येतात. भुसावळला आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं, म्हणून दोघांसाठी एकदाच नीट मांडतो. माझं मत आधीच सांगतो. पैशाचा हिशेब केला तर श्रीमंत देशाला ही मदत परवडते. न परवडणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या भाषणांत त्या क्वचितच येतात.

रक्कम : मोठी दिसते, पण खरा अडसर ती नाही

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर अमेरिकी संसदेनं पाच कायदे करून युक्रेनच्या नावानं सुमारे १७५ अब्ज डॉलर मंजूर केले. आकडा ऐकून छाती दडपते. पण २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत तिथल्या केंद्र सरकारचा एकूण खर्च १९,००० अब्ज डॉलरच्या वर होता. म्हणजे शंभरातला एखादा डॉलर. त्यातही सगळी रक्कम शस्त्रांची नाही. युक्रेन सरकारचा कारभार चालता ठेवण्यासाठी दिलेला पैसा, निर्वासितांवरचा खर्च आणि अमेरिकेच्याच सैन्याचा युरोपातला खर्चही त्यात आला. प्रत्यक्ष लष्करी मदत जानेवारी २०२५ पर्यंत ६७ अब्जांच्या आसपास होती.

विरोधकांची बाजू अशी की, अमेरिकेच्या तिजोरीत शिल्लक आहेच कुठे? २०२४ साली तिथली वित्तीय तूट सुमारे १,८०० अब्ज डॉलर होती आणि कर्जावरचं व्याज संरक्षण खर्चाच्याही पुढे गेलं. कर्ज काढून दुसऱ्याला देणं बरं नव्हे, हे त्यांचं म्हणणं तत्त्व म्हणून मला पटतं. पण या मदतीचा एक डॉलरही दिला नसता, तरी त्या तुटीला दरसाल साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला नसता. तुटीची खरी कारणं निवृत्तिवेतन, वृद्धांचा औषधोपचार, व्याज आणि करकपात यांत आहेत. तूट कमी करायला मदत थांबवा, असं सांगणारा उमेदवार मोठ्या खर्चांबद्दल काय बोलतो, ते आधी ऐकावं.

समर्थकांचा एक आवडता मुद्दाही तपासून घेऊ. ते म्हणतात, पैसा परदेशी जातच नाही. जुना साठा युक्रेनला जातो, त्या जागी नवा माल अमेरिकी कारखान्यांतून घेतला जातो, म्हणजे रोजगार घरचाच. हे खरं आहे. राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारात कोठारातला माल थेट देण्याची पद्धत तशीच चालते. पण तेवढ्याच पैशात पूल बांधला तरी मजुरी मिळाली असती आणि शेवटी पूल हाती राहिला असता. गोळा उडाला की संपला. तेव्हा मदत द्यायची तर संरक्षणासाठी द्यावी, रोजगाराच्या नावावर नको.

कोठार : इथे खरं पाणी मुरतं

भुसावळ-वरणगावच्या माणसाला हा मुद्दा लवकर कळेल. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ ची, वरणगावची १९६४ ची. रायफलची काडतुसं वरणगावला होतात. ऑर्डनन्समध्ये नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, उत्पादन दुप्पट करा असा आदेश आला म्हणून पुढच्या महिन्यात दुप्पट माल निघत नाही. यंत्रं हवीत, हात बसलेली माणसं हवीत, तपासणी हवी आणि सगळ्यात आधी कच्चा माल हवा.

हा कच्चा माल म्हणजे काय, ते आपल्याच जिल्ह्यात हातात घेऊन बघता येतं. जिनिंगमधून रुई निघाल्यावर मागे राहिलेली सरकी मुठीत घ्या. दाण्यावर आखूड, पांढुरकी लव चिकटलेली असते. तेलगिरणीत सरकी फोडण्याआधी ती लव खरवडून काढतात, तिला लिंटर म्हणतात. तिच्यावर आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं आणि काडतुसातली, तोफेतली गोळा पुढे ढकलणारी दारू त्यापासूनच बनते. युरोपातले श्रीमंत देश युक्रेनसाठी गोळे वाढवायला निघाले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या लिंटरसाठी आपण मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहोत. तिजोरीत युरो होते, पण सरकीवरची लव नव्हती.

अमेरिकेचीही तीच गत. युद्धाआधी तिथे १५५ मिलिमीटरचे तोफगोळे महिन्याला साधारण १४,००० तयार होत. युक्रेन ऐन धुमश्चक्रीत दिवसाला काही हजार गोळे डागत होता. महिन्याला १ लाख गोळ्यांचं उद्दिष्ट ठेवून नवे कारखाने उभारले, तरी ते गाठायला वर्षं लागत आहेत. क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या पॅट्रियटच्या बाबतीत अडचण याहून बिकट. जुलै २०२५ मध्ये आपलाच साठा घटतोय या कारणानं अमेरिकेनं युक्रेनला जाणारी काही शस्त्रं काही काळ थांबवली होती. त्या वेळी पैशाची टंचाई नव्हती.

त्यामुळे ‘मदत नको’ म्हणणाऱ्यांचा सर्वांत दमदार युक्तिवाद मला हाच वाटतो : आज दिलेलं क्षेपणास्त्र उद्या स्वतःला लागलं तर दोन-तीन वर्षं परत मिळणार नाही. यावर समर्थकांचं उत्तरही तितकंच वजनदार आहे. युक्रेनला द्यायची वेळ आली म्हणून तर आपले कारखाने किती आखडले आहेत ते कळलं. ते थेट स्वतःच्या युद्धात कळलं असतं तर?

घेणारा कोण : दोन टोकांची उदाहरणं

मार्च १९४१ मध्ये अमेरिकेनं लेंड-लीज, म्हणजे मित्रदेशांना युद्धाचा माल उसना देण्याचा, कायदा केला. शेजाऱ्याच्या घराला आग लागली असताना पाण्याच्या नळीची किंमत आधी मागायची नसते, आग विझल्यावर नळी परत घ्यायची असते, असं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी लोकांना समजावलं होतं. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५० अब्ज डॉलरचा माल गेला. अमेरिकेच्या एकूण युद्धखर्चाच्या तो १७ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे आजच्या मदतीपेक्षा कितीतरी जड. सोव्हिएत रशियाला चार लाखांच्या आसपास ट्रक आणि जीप मिळाल्या. तरीही हा व्यवहार अमेरिकेला परवडला, कारण लढणारे ब्रिटन आणि रशिया स्वतःच्या जिवावर लढत होते. युद्ध संपलं आणि उसनवारही थांबली. ब्रिटननं त्यानंतर १९४६ मध्ये अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं आणि त्याचा शेवटचा हप्ता २००६ च्या डिसेंबरात फेडला.

त्याच युद्धात आपणही ब्रिटनला ‘मदत’ केली, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. माल आणि सैन्य भारतातून गेलं, पैसे लंडनमध्ये नावावर जमा झाले. युद्धाअखेर ब्रिटन भारताचं १३० कोटी पौंडांच्या आसपास देणं लागत होता. ती मदत गरीब देशाकडून न विचारता घेतलेली होती. त्याच काळात बंगालमध्ये माणसं उपाशी मेली. परवडण्याची चर्चा करण्याची मुभा श्रीमंत देशाला असते, हेही लक्षात असू द्यावं.

दुसरं टोक अफगाणिस्तानचं. वीस वर्षांत अमेरिकेनं तिथल्या सैन्यावर आणि पोलिसांवर जवळपास ९० अब्ज डॉलर खर्च केले. कागदावर तीन लाख जवान होते. त्यातले कित्येक फक्त हजेरीपटावर होते आणि त्यांचा पगार वरचे लोक उचलत. विमानांची देखभाल परदेशी कंत्राटदारांकडे होती. ते गेले आणि विमानं जमिनीवर बसली. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. युक्रेनला दिलेली लष्करी मदत या रकमेपेक्षा कमी आहे. मग एक वाया का गेली आणि दुसरीनं एका मोठ्या सैन्याला वर्षानुवर्षं का रोखून धरलं? युक्रेनमध्ये लढायचं ठरवलेली माणसं आधीपासून होती, त्यांना फक्त हत्यार हवं होतं. अफगाणिस्तानात हत्यार देणाऱ्यालाच सैन्यही उभं करावं लागलं.

तिसरी गोष्ट आपल्या जवळची. १९५४ च्या करारानंतर पाकिस्तानला अमेरिकी रणगाडे मिळू लागले. ही शस्त्रं भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत, असा शब्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी नेहरूंना दिला होता. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातल्या असल उत्तरच्या उसाच्या शेतांत तेच पॅटन रणगाडे आपल्यावर चालून आले. आपले हवालदार अब्दुल हमीद तिथेच लढता लढता शहीद झाले. हत्यार एकदा हातातून सुटलं की ते कुणावर रोखलं जाईल, हे देणाऱ्याच्या हाती उरत नाही. याची किंमत कुठल्याच अर्थसंकल्पात दाखवत नाहीत.

मागाहून येणारी बिलं

ऑक्टोबर १९७३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सननी युद्धात सापडलेल्या इस्रायलसाठी २.२ अब्ज डॉलरची मदत मागितली. अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. काही महिन्यांत पिंपाचा भाव ३ डॉलरवरून १२ च्या जवळ गेला. जगभरच्या ग्राहकांनी जे भरलं, त्यापुढे २.२ अब्ज म्हणजे काहीच नाही. मदत देऊच नये असा याचा अर्थ मी काढत नाही, पण खर्चाच्या रकान्यात हाही आकडा धरायला हवा.

न दिल्याचीही बिलं येतात. रावेरच्या केळीवाल्याला ती माहीत आहेत. केळीला पोटॅश भरपूर लागतं, आपण पोटॅश आयात करतो आणि त्याचे मोठे पुरवठादार रशिया आणि बेलारूस. युद्ध आणि निर्बंध एकत्र आले तेव्हा, २०२२ मध्ये, पोटॅशची बॅग १,७०० रुपयांपर्यंत गेली. ठिबकमधून सोडायच्या झिरो-झिरो-फिफ्टी या पोटॅशच्या विद्राव्य खताचंही तेच. युद्ध लांबलं तरी महागात पडतं आणि आक्रमकाला रान मोकळं सोडलं तरी. यातलं जास्त महाग काय, यावर माणसं प्रामाणिकपणे भांडू शकतात. माझा कल आक्रमणाला अडवण्याकडे आहे.

अनुदान, उसनं की रोख

हे थोडक्यात सांगतो. अनुदान वेगानं पोचतं, पण दरवर्षी संसदेत त्याचं राजकारण होतं. कर्ज मतदाराला पटतं, मात्र लढणारा देश ते फेडणार कधी, हे कुणालाच ठाऊक नसतं. रोख विक्री देणाऱ्याला सर्वांत सोयीची. २०२५ च्या जुलैपासून अमेरिका त्याच वाटेनं गेली : युरोपातल्या मित्रांनी अमेरिकी शस्त्रं विकत घ्यायची आणि युक्रेनला द्यायची. जर्मनीनं मार्च २०२५ मध्ये राज्यघटनाच दुरुस्त केली आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्यावरचा संरक्षण खर्च कर्जमर्यादेबाहेर काढला. आक्रमण झालेल्या देशांना द्यायची मदतही त्यात धरली. मला एस्टोनियाची रीत आवडते. त्या चिमुकल्या देशानं राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.२५ टक्के एवढा वाटा दरसाल युक्रेनच्या लष्करी मदतीसाठी ठरवून टाकला. त्यामुळे देणाऱ्यालाही आकडा माहीत असतो आणि घेणाऱ्यालाही.

ठरवायचं असेल तर

निबंध लिहिणाऱ्यांनी युक्रेन, इस्रायल, तैवान ही तिन्ही नावं एका ओळीत कोंबू नयेत. तिघांची गणितं वेगळी आहेत.

युक्रेनला द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तो स्वतः लढतो आहे, त्याच्यावर आक्रमण झालं आहे आणि रक्कम झेपणारी आहे.

इस्रायलला २०१६ च्या करारानं दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलर मिळतात. त्याचं दरडोई उत्पन्न आज वर्षाला ५० हजार डॉलरच्या पुढे आहे. अशा देशानं शस्त्रं विकत घ्यावीत, अनुदान कशाला? शिवाय गाझात अमेरिकी बॉम्बनी माणसं मेली आहेत. मे २०२४ मध्ये खुद्द बायडेन सरकारनं दोन हजार पौंडी बॉम्बची एक खेप रोखली होती. देणाऱ्याला या मृत्यूंपासून हात झटकता येत नाहीत. भाच्याला मी हेच सांगितलं, आणि त्याला ते पूर्ण पटलं नाही.

तैवान बरीचशी शस्त्रं पैसे मोजून घेतो आणि मागणी नोंदवल्यावर वर्षानुवर्षं वाट बघतो. तिथे अनुदान वाढवल्यानं रांग पुढे सरकणार नाही. तैवानची काळजी असलेल्या मतदारानं आपला खासदार क्षेपणास्त्रांच्या कारखान्यांशी अनेक वर्षांचे खरेदीकरार करायच्या बाजूनं मत देतो की दरवर्षी तुकड्यातुकड्यानं पैसे मंजूर करतो, ते बघावं.