गंगापूर रोडवरची लहान मुलांची हॅलोविन पार्टी: भोपळ्याला पाच स्टार, भुताच्या खोलीला शून्य

एकूण तीन स्टार देतेय आणि का ते जरा सविस्तर लिहिते, कारण ३१ ऑक्टोबरला पोरांना कुठे न्यायचं हा प्रश्न आता नाशकातही पडायला लागलाय. आम्ही गंगापूर रोडकडच्या एका किड्स कॅफेत गेलो होतो. नाव टाकत नाही, मला एका दुकानाला बोल लावायचा नाहीये. तिकीट मुलामागे ८०० रुपये, दोन तास, सोबतच्या मोठ्यांना फुकट.

मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. जावं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. २०२५ ची भाऊबीज २३ ऑक्टोबरलाच झाली, पोरांचा किल्ला अजून पार्किंगमध्ये तसाच आहे, मावळेसुद्धा उचललेले नाहीत, आणि लगेच हे काय असं मला वाटत होतं. पण मुलीच्या मैत्रिणी सगळ्या जाणार होत्या आणि तिनं माझ्या जुन्या काळ्या ओढणीचा झगा स्वतः बसून शिवला होता, त्या पोरीला नाही म्हणायला माझा जीव होईना. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, पितर आत्ताच तर जेवून गेले, त्यांना भुतं कशाला करताय?" हे मला आत कुठेतरी लागलं. आपण गेलेल्या माणसांसाठी पान वाढतो, कावळा शिवेपर्यंत थांबतो, त्यांच्या नावानं पोरांना किंचाळायला लावत नाही.

आता पार्टी. सगळ्यात छान म्हणजे भोपळा कोरणं. आपलं साधं डांगरच होतं, वरचं झाकण आधीच कापून ठेवलेलं, गर पोरांनी चमच्यानं काढायचा, मार्करनं डोळे-तोंड काढायचं आणि कापताना छोटी दातेरी सुरी कॅफेतल्या ताईच्या हातात, पोराचा हात तिच्या हातावर. आपल्या डांगराची साल जाड, पटकन कापली जात नाही, तरी ती ताई एकाही मुलावर वैतागली नाही. आत मेणबत्तीऐवजी सेलचा दिवा, हेही मला आवडलं. आणि हात चालू असताना ती गोष्ट सांगत होती, की आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरायचे, मग तिकडची माणसं अमेरिकेत गेली, तिथे हा मोठा भोपळा मिळाला, कोरायला सोपा, म्हणून भोपळा. ३१ ऑक्टोबर म्हणजे सुगी संपून थंडी सुरू व्हायची ती रात्र, त्या रात्री गेलेल्यांचे आत्मे फिरतात असं मानायचे, आणि दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबर म्हणजे ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, २ नोव्हेंबरला आपल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना, थडग्यांवर फुलं आणि मेणबत्त्या. माझी मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे पितृपक्षासारखं?" ताई म्हणाली, हो गं, बरंचसं तसंच. एवढ्यासाठी मी ८०० रुपये आनंदानं देईन. गर मात्र सगळा कचऱ्यात चालला होता, आमच्या वाटणीचा मी पिशवीत मागून घेतला, दुसऱ्या दिवशी घारगे केले.

यानंतर भुताची खोली. मिट्ट अंधार, लटकवलेल्या बाहुल्या, स्पीकरवर किंचाळ्या, आणि पडद्यामागून मुखवटा घातलेला एक मुलगा येऊन पाय धरतो. वयाची काही अटच नाही, चार वर्षांचं आणि बारा वर्षांचं एकाच रांगेत, आणि आईबापांनी दाराबाहेर थांबायचं. माझा मुलगा आत इतका रडला की दुसऱ्या मुलाच्या दादानं त्याला उचलून बाहेर आणला, आणि अजूनही तो बाथरूमला एकटा जात नाही. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाला, मॅडम, थीमच ती आहे. मुलांनी घाबरूच नये असं मी म्हणत नाहीये, मुंजाच्या आणि हडळीच्या गोष्टी ऐकतच आपण वाढलो. पण भीती वाटली की आजीच्या पदरात शिरता यायचं, इथे पदरच दाराबाहेर ठेवायला लावला, याचा मला मनापासून राग आहे.

खाणं ठीक. पास्ता गार होता, सरबत गोडमिट्ट.

चॉकलेटं काउंटरवर कुपन दाखवून मिळाली. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, तिकडे हॅलोविनला ज्या घराबाहेरचा दिवा चालू त्याच घरी मुलं चॉकलेटं मागायला जातात, दिवा बंद तर बेल वाजवत नाहीत, शेजारच्या म्हाताऱ्या बायका मुलांची वाट बघत बसतात. हा भाग मला ऐकूनच आवडतो आणि नेमका तोच इथे गायब. परकं आहे म्हणून नको असंही मी म्हणणार नाही, आपल्याकडे नाशकात धुळवडीला वीर निघतात की, म्हणजे घरातल्या गेलेल्या पूर्वजांचे टाक (देवघरातल्या धातूच्या छोट्या प्रतिमा) खोबऱ्याच्या वाटीत घेऊन वाजतगाजत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर जायचं, पोरं राम, कृष्ण, शिवाजी महाराज होऊन पुढे नाचणार. सोंग घेणं आणि गेलेल्यांची आठवण काढणं हे आपल्या नाशिकच्या पोरांना नवीन नाही, नवीन आहे ते फक्त तिकीट काढून घाबरणं.

तर बुकिंग करायच्या आधी विचारून घ्या: भुताची खोली वयाप्रमाणे वेगळी आहे का, आई किंवा बाबा आत येऊ शकतात का, आणि भोपळा कोरणं तुमच्या बॅचला आहे का. आम्ही पहिल्या बॅचला होतो म्हणून मिळालं, नंतरच्यांना नुसते स्टिकर दिले. तयार ड्रेसवर पैसे घालवू नका, तिथे सगळ्यात जास्त कौतुक घरी शिवलेल्या झग्याचंच झालं.

मुलगी म्हणतेय पुढच्या वर्षी आपल्या बिल्डिंगमध्येच करू. मी बायकांच्या ग्रुपवर विचारलं, तीन घरं तयार आहेत, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, माझ्याकडे चॉकलेट नाही हं, चिवडा-लाडू मिळेल, पण पोरांना बेल वाजवू द्या.