घरी शिवलेला टार्प, शिवणीला घरचंच सिलिकॉन: आठ महिन्यांनंतर

मागच्या मे महिन्यात आईच्या पायमशीनवर सिलनायलॉनचा, म्हणजे सिलिकॉन चढवलेल्या नायलॉनचा, तीन बाय तीन मीटर टार्प (तंबूऐवजी डोक्यावर ताणायचं छत) शिवला आणि जूनअखेर शिवणीला सिलिकॉन लावलं. अख्खा पावसाळा आणि एक थंडी त्याच्याखाली काढलीये म्हणून सविस्तर लिहितोय, मला हे आधी कुणी धड सांगितलं असतं तर पहिली रात्र भिजत गेली नसती.

कापडातून पाणी येत नाही, येतं ते सुईच्या भोकातून. मधली लांब शिवण सगळ्यात उंच, ताण तिच्यावरच आणि नेमकी झोपणाऱ्याच्या तोंडावर. आधी 16 नंबरची सुई होती, उजेडात धरलं की चाळणी दिसायची, मग सगळं उसवून 11 नंबर लावली, धागा पॉलिएस्टरचा आणि जीन्सला असतात तशा कडा एकमेकींत दुमडून दोन टिपा मारल्या. तरी लावावं लागतंच.

आणि लावायचं ते सिलिकॉनच, कारण या कापडावर दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चढवलेलं असतं, दुसरं काही त्याला धरतच नाही. इंदूरच्या सियागंज बाजारात एका दुकानात "भिया, एक ही चीज है" म्हणून दिलेली ट्यूब अ‍ॅक्रिलिकची निघाली. वर रंग मारता येतो असं लिहिलेलं असेल तर ती घेऊच नका. चोरलला पहिल्याच पावसात रात्री दोन वाजता कपाळावर थेंब पडायला लागले, सकाळी नखाने उचललं तर दुधावरची साय निघावी तशी अख्खी पट्टी हातात आली.

मग बाथरूमच्या कडांना लावतात ती पारदर्शक, शंभर टक्के सिलिकॉनवाली आणली, उघडली की सिरक्याचा वास येतो ती. नुसती लावली तर वर जाड बसते, भोकात उतरत नाही, म्हणून काचेच्या बरणीत एक भाग सिलिकॉन आणि दोन भाग तारपीन, रंगवाले वापरतात ते मिनरल, असं घोटलं. आधी गुठळ्या नुसत्या फिरत राहतात, दहाएक मिनिटांनी एकदम पातळ मधासारखं होतं. हे गच्चीवरच करा, वास फार येतो. शिवण दोन खांबांना ताणून बांधली, ताणल्यावर भोकं उघडतात आणि ब्रश फिरवला की माल आत जातो, ढिली ठेवून लावलं तर पुढे ताण आल्यावर भोकं उघडी पडतात. जास्तीचं लगेच पुसलं. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच जमतं, त्या दमट हवेत रात्रीत झालं. चिकटपणा राहिला, त्यावर टाल्कम पावडर चोळली. काट्यावर 478 ग्रॅमचा टार्प 499 झाला, एवढं वजन मला पूर्ण पटतं.

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, पाइप लावून बसणं शक्य नव्हतं, म्हणून शिवणीची झोळी करून दोन मग पाणी ओतलं आणि खाली पेपर अंथरला. तासाभराने पेपर कोरडा.

ऑगस्टमध्ये जानापावला, चंबळ जिथून निघते तिथे, रात्रभर पाऊस झाला आणि मधल्या शिवणीतून एक थेंब आला नाही. जानेवारीत मांडूला मात्र पहाटे आतून थेंब दिसले, मला वाटलं गेलं सगळं, पण थेंब शिवणीपाशीच नव्हते, सगळ्या कापडावर सारखे होते, म्हणजे आपल्याच श्वासाची वाफ. दुसऱ्या रात्री एक बाजू उंच बांधली तर खूप कमी झालं.

कच्चं राहिलं ते कोपऱ्यात. तिथे दुहेरी ठिगळ, त्यावर दोरीचा फासा, आणि नायलॉन भिजलं की ढिलं पडतं म्हणून रात्री उठून परत ताणावं लागतं, त्या ओढाताणीत एका कोपऱ्याचा थर सुटलाय. तिथे स्पिरिटने पुसून परत लावणार आहे आणि या वेळी ठिगळाच्या कडेलाही. मिश्रण मात्र लागेल तेवढंच करा, तीन मीटरला 30 ग्रॅम सिलिकॉन पुरतं, माझं उरलेलं बरणीतच रबर झालं.