मॅक फिल्टर की गेस्ट नेटवर्क? घरचं वायफाय आवरायचे दोन मार्ग

राउटरच्या यादीत अनोळखी उपकरणं दिसायला लागली, की बहुतेक जण सेटिंग धुंडाळत दोन पर्यायांपाशी येऊन थांबतात. एक मॅक फिल्टर, म्हणजे ज्यांचे मॅक पत्ते (वायफायवर उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) आपण यादीत टाकू तेवढीच उपकरणं आत. दुसरा गेस्ट नेटवर्क, म्हणजे घरच्यांचं नाव-पासवर्ड वेगळा आणि आल्यागेल्यांचा वेगळा. माझ्या घरी आधी फिल्टर होता, आता गेस्ट आहे. तुमचं घर माझ्यासारखं असेलच असं नाही, म्हणून दोन्हींबद्दल जे अनुभवलं ते सांगतो.

'कोण वापरतंय तर वापरू दे, नेट अनलिमिटेडच आहे' असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी नवी मुंबईतल्या सानपाड्याचं उदाहरण देतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी आलेला धमकीचा ई-मेल तिथल्या एका अमेरिकन रहिवाशाच्या वायफायवरून गेला होता, आणि तपास आधी त्याच्याच दारात येऊन थडकला. कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिले प्रश्न त्याला. तेव्हा दार लावायचं हे नक्की, फक्त कुठल्या कडीने एवढंच ठरवायचं आहे.

फिल्टरचं आकर्षण मला आजही कळतं. पासवर्ड गावभर झाला तरी यादी आपल्या हातात राहते. टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, गीझरचा स्मार्ट प्लग यांचे पत्ते सहसा बदलत नाहीत, त्यामुळे एकदा नोंदवले की पुन्हा बघावं लागत नाही. घरात अशीच उपकरणं जास्त असतील आणि पाहुणे क्वचित येत असतील, तर फिल्टर वाईट म्हणवत नाही.

गाडी अडते ती फोनपाशी. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता वायफायला सांगतच नाहीत, प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनावट पत्ता तयार करतात. हेतू चांगला आहे. मॉलमध्ये, स्टेशनवर त्या पत्त्यावरून कुणी आपला माग काढू नये. बारा अक्षरांच्या पत्त्यात दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो असा बनवलेला पत्ता समजा. एका नेटवर्कवर हा पत्ता बराच काळ तोच राहतो, पण फोन रिसेट झाला की नवा येतो, आणि आयफोनच्या नव्या आवृत्त्यांत तर तो अधूनमधून आपोआप बदलण्याचाही पर्याय आहे. आपल्या यादीला याचा पत्ताच नसतो.

हेही मी चालवून घेतलं असतं. मला नको झालं ते वेगळंच: फिल्टरने अडवलं तर तो तसं सांगत नाही. राउटर गप्प राहून नकार देतो, फोनवर चक्र फिरत राहतं, मग 'कनेक्ट होऊ शकलं नाही' येतं. काही फोन तर पुन्हा पासवर्डच मागतात. आईचा फोन दुरुस्तीहून रिसेट होऊन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "अरे, तोच पासवर्ड टाकतेय, घेतच नाही," म्हणून तिचे फोनवर फोन. पासवर्ड बरोबरच होता. राउटरचं पान घरच्या नेटवर्कमधूनच उघडतं, त्यामुळे मला तिकडून काही करता येईना. निदान पत्ता लिहून घ्यावा म्हणून तिला सेटिंगमध्ये जायला सांगितलं. 'बी की डी?' करत बारा अक्षरं उतरवून घेतली. संध्याकाळी ती यादीत टाकली तरी फोन बाहेरच! कारण 'फोनविषयी' या पानावर खरा मॅक दिसत होता, आणि वायफायला फोन बनावट सांगत होता. तो सापडतो त्या नेटवर्कच्या नावावर टिचकी मारून आतल्या तपशिलात. घरातल्या तंत्रज्ञान न जाणणाऱ्या माणसाला आपण नसताना सोडवता येणार नाही असं कुलूप मला नको वाटतं. माझ्यापुरता निकाल तिथे लागला.

शिवाय हे कुलूप जाणत्याला अडवतही नाही. वायफायवर जाणारा मजकूर गुप्त असतो, पण मॅक पत्ता पाकिटावरच्या पत्त्यासारखा उघडा जातो. जवळपास बसून तो ऐकायचा आणि आपल्या लॅपटॉपला तोच द्यायचा, हे अवघड नाही. मुलाचा फोन ब्लॉक करायला फिल्टर उलटा, म्हणजे यादीतली उपकरणं बाहेर ठेवायला, वापरणाऱ्यांनीही सावध राहावं. फोनमध्ये बनावटऐवजी खरा मॅक निवडला की राउटरला तो नवाच फोन वाटतो, आणि ही युक्ती मुलांना कळायला वेळ लागत नाही.

गेस्टचं काम साधं आहे. गणपतीत घर भरलं की एक क्यूआर दाराशी चिकटवायचा, विसर्जनानंतर फक्त गेस्टचा पासवर्ड बदलायचा. टीव्ही, कॅमेरा, आईचा फोन यांना कळतही नाही. मुख्य पासवर्ड मात्र लांब हवा. मर्यादा ६३ अक्षरांची आहे, त्यात चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमनमध्ये सहज मावतात. वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, डब्ल्यूपीए-३, असेल तर उत्तमच, पण स्वस्तातले स्मार्ट प्लग बऱ्याचदा त्यावर चालत नाहीत, म्हणून मी २ आणि ३ एकत्र चालणारा पर्याय ठेवला आहे. बटण किंवा पिनने जोडणारं डब्ल्यूपीएस बंद करावं. त्यातल्या आठ आकडी पिनची कमजोरी २०११ मध्येच उघड झाली आहे.

गेस्टच्याही कटकटी आहेत. भाच्याला त्याच्या फोनवरून आपल्या टीव्हीवर व्हिडिओ लावता येत नाही, प्रिंटही देता येत नाही. आणि पासवर्ड पुढे वाटला जातोच, कारण आजचे फोन तो क्यूआर करून कुणालाही दाखवतात. गेस्टचा असला तरी कनेक्शन आपल्याच नावावर, म्हणून तो अधूनमधून बदलायचा. इंटरनेट कंपनीने दिलेल्या काही डब्यांत तर गेस्टचा पर्याय दिसतच नाही. तसं असेल तर फिल्टरच्या वाटेला जाण्यापेक्षा आपला वेगळा राउटर लावलेला मला बरा वाटतो. पटत नसेल तर फिल्टर ठेवा, पण घरच्या प्रत्येक फोनवर आपल्या नेटवर्कपुरता खरा मॅक निवडून मगच यादी करा.

गेस्ट चालू करताना त्याच पानावर पाहुण्यांना घरच्या नेटवर्कमधली उपकरणं दिसू देण्याची एक खूण असते. ती काढलेली आहे ना, एवढं पाहून घ्या. ती राहिली तर पाहुण्याच्या फोनवरून तुमचा प्रिंटर आणि कॅमेरा दोन्ही गाठता येतात.