खाऱ्या पाण्यात वापरलेली 4000 ची स्पिनिंग रील : काय झिजलं, काय नुसतं सुकलं

मासेमारीच्या काठीवरची, दोरी गुंडाळणारी ही रील 4000 आकाराची आहे. ग्रॅफाईटची बॉडी, ॲल्युमिनियमचा स्पूल (दोरी गुंडाळायची चकरी), पुढचा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी आवरून सोडणारा ब्रेक), गिअर रेशो 5.2:1. वापर सगळा कोकणातला : खाडीची मुखं, जेट्टी, कातळ. पीई 2 जाडीची ब्रेड (विणलेली दोरी), पुढे मोनोचा (एकाच धाग्याच्या दोरीचा) लीडर आणि जिताडा-तांबोशी या माशांसाठी 20 ते 40 ग्रॅमचे लूर (खोटी आमिषं). किनाऱ्यावरून मारताना खारे शिंतोडे रोजचेच आणि वाऱ्याबरोबर बारीक वाळूही येते.

एवढ्या वापरानंतर रील खरखरते, ड्रॅग धक्के देत सुटतो, हँडल थोडं हलतं. अशा रीलला ‘गिअर गेले’ म्हणून बाजूला टाकायची घाई होते. या रीलचे गिअर शाबूत आहेत. गेलं ते लाईन रोलरचं, म्हणजे दोरी वळवणाऱ्या बारक्या चाकाचं बेअरिंग. ड्रॅगचे वॉशर नुसते सुकले होते.

म्हणून आधी आवाज कुठून येतो ते शोधावं. स्पूल काढा आणि हँडल अगदी सावकाश फिरवा. हँडलच्या एका फेऱ्यात खडखड एकदाच जाणवली तर दोष ड्राईव्ह गिअरच्या (हँडलने फिरणाऱ्या मोठ्या गिअरच्या) एखाद्या दातात किंवा हँडलच्या बाजूच्या बेअरिंगमध्ये. एका फेऱ्यात पाचेक वेळा जाणवली तर पिनियन (त्याला जोडलेला लहान गिअर), त्याचं बेअरिंग किंवा रोटर (स्पूलभोवती फिरणारा भाग), कारण 5.2:1 म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटर पाचाहून थोडा जास्त वेळा फिरतो. शाफ्ट वर-खाली होताना ठरावीक जागीच अडखळत असेल तर ऑसिलेशनचा, म्हणजे स्पूल वर-खाली करणारा स्लायडर बघा. रिकामी रील मऊ फिरते आणि वजन ओढतानाच आवाज करते, तेव्हा दोरी जिथे वळते तो रोलर आधी तपासा, मग गिअरकडे वळा.

लाईन रोलर हा रीलचा सर्वात दुर्लक्षित भाग. सगळी खारी दोरी त्याच्यावरून वळते आणि पाणी थेट त्याच्या बेअरिंगमध्ये उतरतं. तपासायची रीत सोपी आहे. ताणलेली दोरी रोलरवरून ओढा आणि रोलर फिरतो की दोरी त्याच्यावरून नुसती घसरते ते बघा. घसरत असेल तर दोरीला पीळ पडतो, ब्रेड खरवडते आणि फेकताना गुंता होतो. उघडताना एकच स्क्रू असतो, पण आत दोन-तीन बारीक वॉशर आणि प्लास्टिकच्या बुश असतात. क्रम चुकला की रोलर जाम होतो, म्हणून प्रत्येक तुकडा निघाल्यावर फोटो काढा. बेअरिंगला तपकिरी गंज दिसला तर धुण्यात वेळ घालवू नका. व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा आणि त्या मापाचं स्टेनलेसचं मागवा. नवं बसवल्यावर पातळ तेलाचे एक-दोन थेंब पुरतात, मात्र ते वरचेवर द्यावे लागतात. दायवाच्या मॅगसील्ड रीलमधल्या सील केलेल्या जागी मात्र तेल सोडू नये, कारण तिथे चुंबकाने धरून ठेवलेलं तेलच पाणी अडवत असतं.

ड्रॅग धक्के देतो तेव्हा पहिली शंका वॉशरची, पण त्याआधी एक गोष्ट बघून घ्या. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळलेली असेल तर मासा ओढतो तेव्हा ड्रॅग न सुटता दोरीचा सगळा गठ्ठाच स्पूलवर फिरतो. ड्रॅग पूर्ण आवळून दोरी ओढा. स्पूल स्थिर राहून दोरी सरकली तर खाली तंगुसाचे (नायलॉनच्या दोरीचे) आठ-दहा घट्ट वेढे द्या, नाहीतर वॉशर कितीही बदलले तरी फरक पडणार नाही.

वॉशर काढायला ड्रॅगचा नॉब काढा आणि स्पूलमधली तारेची कडी टोकदार पिनने उचला. ती उडते, म्हणून दुसऱ्या हाताचा अंगठा वर ठेवा. धातूच्या चकत्या दोन प्रकारच्या असतात : काहींना बाहेर कान असतात, त्या स्पूलबरोबर फिरतात, काहींचं मधलं भोक चपट्या कडेचं असतं, त्या शाफ्टला धरून राहतात. निघाल्या त्याच क्रमाने फडक्यावर मांडा. कार्बनचे वॉशर पुसून त्यावर ड्रॅगच्याच ग्रीसचा पातळ हात फिरवा, बोटाला जेमतेम चिकटेल इतकाच. वॉशर फेल्टचे (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचे) असतील आणि दबून कडक झाले असतील तर बदला. मग वजनकाटा लावून दोरी ओढा. दोरीची ताकद 12 किलो असेल तर ड्रॅग 3 किलोच्या आसपास सुटावा. सुटायच्या क्षणी काटा झटकन वर जाऊन खाली आला, तर अजून कुठेतरी चिकटतंय.

हँडल उलटं फिरतं ही आणखी एक तक्रार. ते थांबवण्याचं काम रोटरखालच्या वन-वे क्लचचं, आणि तिथे ग्रीस शिरलं की क्लचमधले रोलर घसरतात. बॉडीत ग्रीस ठासून भरलं तर ते फिरताफिरता तिथेच पोहोचतं. रोटरचा नट बहुधा 10 किंवा 12 मिलिमीटरचा असतो आणि त्याला एक छोटी पट्टी किंवा स्क्रू अडवून धरतो. तो आधी काढा. काही रीलमध्ये या नटाचे आटे उलटे असतात, त्यामुळे नट हलत नसेल तर जोर वाढवू नका, दुसऱ्या दिशेने बघा. क्लच अख्खा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, आतले रोलर सुटे करू नका, पूर्ण सुकू द्या आणि पातळ तेलाचा एक थेंब फिरवा. इथे ग्रीस कधीच नाही.

गिअरला मात्र ग्रीसच हवं, पाण्याला दाद न देणारं मरीन ग्रीस, ब्रशने दातांवर पातळ थर. ड्राईव्ह गिअरच्या दोन्ही बाजूंना कागदासारखे पातळ वॉशर असतात. ते कुठल्या बाजूला किती होते हे लिहून ठेवा, कारण दातांची जुळणी त्यांच्यावरच असते. हँडल आडवं हलत असेल तर बहुतेकदा अशी एक पातळ चकती वाढवूनच काम होतं. जास्त वाढवली की हँडल जड फिरतं. स्क्रू परत लावताना आट्यांना ग्रीस लावा. स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांच्यात मीठ शिरलं की पांढरी भुकटी धरते आणि पुढच्या वेळी स्क्रूचं डोकं तुटतं.

तेलाबद्दल. बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल घालणारे बरेच आहेत, पण ते गारव्यात थिजतं आणि पुढे चिकट होतं. डब्ल्यूडी-40 ने गंजलेला स्क्रू सुटतो, पण वंगण म्हणून ते टिकत नाही, उलट आधीचं ग्रीस धुऊन काढतं.

दर वेळी किनाऱ्यावरून आल्यावर ड्रॅग आवळायचा, साध्या पाण्याची हलकी धार फिरवायची, पुसायचं, मग ड्रॅग सैल करून सावलीत सुकवायचं. जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. बादलीत बुडवूच नये. बेल (फेकताना उघडायची तारेची कमान) हँडल फिरवून बंद न करता हाताने बंद केली तर तिची स्प्रिंगही जास्त टिकते.

दोरी स्पूलवर पुढच्या कडेला साचत असेल तर स्पूलखाली एक वॉशर वाढवा, मागे साचत असेल तर एक काढा. दोरी भरताना स्पूलच्या कडेपासून सुमारे 2 मिलिमीटर जागा सोडायची. कडेवरून कापूस फिरवा; धागा अडकला तर तिथे ओरखडा आहे, 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने ओला करून घासा.

गिअर खरोखर गेले की ग्रीस काळपट होतं आणि त्यात पितळेची चकाकी दिसते, दातांच्या कडा धारदार होतात. तेव्हा ड्राईव्ह गिअर आणि पिनियन जोडीनेच बदलावे. झिजलेल्या गिअरवर नवा पिनियन बसवला तर खरखर थोड्याच दिवसांत परत येते. त्या जोडीची किंमत नव्या रीलच्या निम्म्याच्या पुढे जात असेल तर त्याच मॉडेलची नवी रील घ्या आणि जुनीचा स्पूल, हँडल, बेल सुट्या भागांसाठी ठेवून द्या.